डीओंना कॉमलेक्स पुरते, की यूएसएमएलईही द्यावी? आणि लायसन्सला नक्की काय काय लागतं?

रानजाई | १४ जानेवारी २०२४

नमस्कार. मी न्यू जर्सीत एडिसनला असते, मूळची सांगलीची. माझी मुलगी ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. सगळं नीट पार पडलं तर २०२६ साली ती डॉक्टर होईल. तिच्या नावापुढे एमडी नाही, डीओ लागेल, म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, अमेरिकेतली डॉक्टरकीची दुसरी पदवी.

येत्या जूनमध्ये तिची कॉमलेक्सची लेव्हल १ आहे. ही डीओंची स्वतःची परीक्षा, एनबीओएमई हे त्यांचं परीक्षा मंडळ घेतं, आणि ती पास झाल्याशिवाय पदवीच हातात पडत नाही, एवढं मला समजलंय. पण तिच्या वर्गातली बरीच मुलं त्याच महिन्यात यूएसएमएलईची, म्हणजे एमडींच्या परीक्षेची, स्टेप १ सुद्धा देणार आहेत. लेक विचारते, "आई, सगळे देतायत म्हणून मीही द्यायची का?" माझ्याकडे उत्तर नाही. दोन्ही परीक्षांची फी प्रत्येकी सातशे डॉलरच्या आसपास. पैशांचं एकवेळ बघता येईल, पण त्या मुलीची झोप कुठून आणू?

काल मंडळाच्या संक्रांतीला एक बाई ठामपणे म्हणाल्या, यूएसएमएलईशिवाय अमेरिकेत लायसन्स मिळतच नाही. तिळगूळ हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

अजून एक. नणंदेने सांगलीहून फोनवर विचारलं, "डीओ म्हणजे हाडवैद्यच ना गं?" तिच्या मनात काही वावगं नव्हतं. पण फोन स्पीकरवर होता, लेकीने ऐकलं आणि ती उठून वर गेली. रात्री दोन-दोनपर्यंत तेच पॅथॉलॉजी, तेच फार्माकॉलॉजी वाचणाऱ्या पोरीला काय वाटलं असेल.

इथे कुणी डीओ असतील, कुणाची मुलं या वाटेने गेली असतील, तर नीट समजावून सांगाल का? लायसन्सला काय लागतं, रेसिडेन्सीला (पदवीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाला) काय लागतं, आणि यातलं ऐकीव किती?

चाफेकळी | १४ जानेवारी

मी डीओ कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे, सध्या सर्जरीची रोटेशन, म्हणजे हॉस्पिटलमधली शिकायची पाळी, चालू आहे. उद्या पहाटे चारला उठायचंय म्हणून आत्ता एवढंच, रानजाईकाकू, त्या बाईंचं म्हणणं खरं नाही. सुट्टीच्या दिवशी सविस्तर लिहिते.

शिशिर_डीओ | १५ जानेवारी

रानजाईताई, आधी शांत झोपा. मी डीओ आहे, पेनसिल्व्हेनियात फॅमिली मेडिसिनची प्रॅक्टिस करून १२ वर्षं झाली. यूएसएमएलईचा एकही पेपर मी आयुष्यात दिलेला नाही. लायसन्स, डीईए नंबर (नियंत्रित औषधं लिहून द्यायला लागतो तो), हॉस्पिटलचे प्रिव्हिलेजेस (तिथे रुग्णांवर उपचार करायची परवानगी) हे सगळं मला कॉमलेक्सवर मिळालं.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे, आणि ती जवळजवळ प्रत्येक घरात होते. लायसन्स देतं राज्य. रेसिडेन्सी देतो एखाद्या हॉस्पिटलचा प्रोग्रॅम. राज्याला काय लागतं ते कायद्यात लिहिलेलं असतं. प्रोग्रॅमला काय आवडतं ते त्या त्या ठिकाणच्या माणसांवर असतं.

आधी राज्याचं सांगतो. कॉमलेक्स ५०च्या ५० राज्यांत लायसन्ससाठी धरली जाते. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया अशा काही राज्यांत डीओंचं बोर्ड वेगळं आहे. तुमच्या न्यू जर्सीत आणि शेजारी न्यूयॉर्कमध्ये एमडी आणि डीओ एकाच बोर्डाखाली येतात. बोर्ड वेगळं असो वा एक, मिळणारं लायसन्स पूर्ण असतं. औषध लिहून देणं, ऑपरेशन करणं, बाळंतपण करणं, कशालाच आडकाठी नाही.

कॉमलेक्सचे टप्पे तीन. लेव्हल १ साधारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी. लेव्हल २ तिसरं वर्ष संपताना किंवा चौथ्याच्या सुरुवातीला. या दोन पास झाल्याशिवाय डीओची पदवी मिळत नाही, हे तुम्हाला बरोबर कळलंय. लेव्हल ३ मात्र पदवी मिळाल्यावर, बहुतेक जण रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षात देतात. लेव्हल १ चा निकाल १० मे २०२२ पासून नुसता पास किंवा नापास असा येतो. लेव्हल २ आणि ३ ला अजून आकडा मिळतो. उत्तीर्ण व्हायला लेव्हल २ ला ४०० आणि लेव्हल ३ ला ३५० लागतात. आणि १ जुलै २०२२ पासून प्रत्येक लेव्हलला जास्तीत जास्त चारच प्रयत्न. ही मर्यादा मुलीच्या कानावर असू द्या. घाबरवायला सांगत नाही. तयारी झालेली नसताना "जाऊन तर बघू" म्हणून परीक्षेला बसू नये, एवढ्यासाठी.

आमच्या वेळी लेव्हल २ चा एक प्रत्यक्ष भागही होता. सगळ्या अमेरिकेतल्या डीओ विद्यार्थ्यांनी फिलाडेल्फियाजवळ किंवा शिकागोला जायचं, तिथे रुग्णाची भूमिका करणारी माणसं तपासायची, नोट लिहायची. विमान, हॉटेल आणि फी मिळून विद्यार्थ्याचं कंबरडं मोडायचं. कोविडमध्ये तो भाग थांबवला आणि २०२२ साली कायमचा बंद केला. आता रुग्ण तपासण्याचं कौशल्य आहे की नाही हे कॉलेजच लिहून देतं. तुमच्या डोक्यावरचं तेवढं एक ओझं कमी.

लायसन्सच्या अर्जाला परीक्षांशिवाय पदवीचा पुरावा, किमान एक वर्षाची रेसिडेन्सी (काही राज्यांत त्याहून जास्त), बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी हे सगळं लागतं. ते यथावकाश होतं.

रेसिडेन्सीचं उद्या लिहितो, तो विषय मोठा आहे.

ओहायोकर | १५ जानेवारी

डॉक्टरसाहेबांनी राज्याची बाजू स्वच्छ मांडली. रेसिडेन्सीचं थोडं मी लिहितो, कारण मी टेबलाच्या पलीकडे बसतो.

माझं एमबीबीएस मिरजेचं. इथे इंटर्नल मेडिसिन करतो आणि आमच्या प्रोग्रॅमच्या निवड समितीवर आहे. माझ्यासारख्या भारतातून आलेल्याला यूएसएमएलई हे एकच दार आहे, तेही ईसीएफएमजी या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेमार्फत. कॉमलेक्स आम्हाला द्यायची म्हटली तरी देता येत नाही, ती फक्त मान्यताप्राप्त डीओ कॉलेजांतल्यांसाठी. त्यामुळे मंडळातल्या बाईंना दोष देऊ नका. त्यांच्या ओळखीतले बहुतेक डॉक्टर भारतातून आलेले असणार, आणि त्यांच्यासाठी ती गोष्ट शंभर टक्के खरी आहे.

आमच्याकडे डझनभर जागांना हजारांनी अर्ज येतात. ते सगळे माणसाने वाचणं शक्य नसतं, म्हणून पहिली चाळणी संगणक लावतो. २०२२ च्या जानेवारीपर्यंत ही चाळणी स्टेप १ च्या आकड्यावर लागायची. आता स्टेप १ ला आकडाच उरला नाही, तर ती सरकली स्टेप २ वर. ज्या प्रोग्रॅमने त्या चाळणीत फक्त यूएसएमएलईचा रकाना ठेवलाय, तिथे कॉमलेक्समध्ये ६५० मिळवलेली मुलगीसुद्धा कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. मी हे पाहिलंय आणि मला ते मनापासून टोचतं. आमच्याकडे दोन वर्षं भांडून मी दुसरा रकाना जोडायला लावला.

शिवाय समितीवरच्या अनेकांना कॉमलेक्सचा आकडा वाचताच येत नाही. स्टेप २ ला २१४ ला पास आणि २५० च्या आसपास सरासरी, हे त्यांच्या अंगवळणी पडलंय. ५६० म्हणजे चांगले की बेताचे, हे त्यांना सांगावं लागतं.

तर ताई, प्रश्न असा विचारा: मुलीला काय व्हायचंय?

रानजाई | १५ जानेवारी

दोघांचे किती आभार मानू. ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं.

तिला काय व्हायचंय ते अजून पक्कं नाही. कधी ॲनेस्थेशिया म्हणते, कधी लहान मुलांची डॉक्टर. न्यूरोसर्जरी वगैरे नक्की नाही.

एक प्रश्न. स्टेप १ ला आकडाच नाही, नुसतं पास-नापास आहे, तर मग तिची वर्गमैत्रीण ती का देतेय? लेव्हल १ पास असणं तेवढंच नाही का झालं?

शिशिर_डीओ | १६ जानेवारी

मुद्द्याचं विचारलंत. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

२०२० पर्यंत डीओंच्या रेसिडेन्सी बऱ्याच अंशी वेगळ्या होत्या. त्यांना मान्यता एओए ही डीओंची संघटना द्यायची, त्यांचा मॅचही (कोणाला कुठला प्रोग्रॅम मिळतो ते ठरवणारी देशभरची जुळणी) वेगळा व्हायचा. मी त्यातलाच. २०१४ साली करार झाला, २०१५ ते २०२० अशी पाच वर्षं हळूहळू सगळे प्रोग्रॅम एसीजीएमई या मान्यता देणाऱ्या एकाच संस्थेच्या छत्राखाली आले. न्याय्य झालं, पण त्याबरोबर आमची राखीव ओसरी गेली. आता सगळी मुलं एकाच अंगणात आहेत आणि बरेच परीक्षक तुलनेसाठी एकच मोजपट्टी मागतात.

फॅमिली मेडिसिन, इंटर्नल, बालरोग, सायकियाट्री, फिजिकल मेडिसिन आणि रिहॅब, यांत कॉमलेक्सवर उत्तम प्रोग्रॅम मिळतात. ऑर्थो, त्वचारोग, ईएनटी, न्यूरोसर्जरी म्हणाल तर यूएसएमएलई दिलेली बरी, नाहीतर दारं फार थोडी उघडी राहतात. ॲनेस्थेशिया मध्ये कुठेतरी.

स्टेप १ बद्दल माझं मत स्पष्ट आहे. जी मुलं ती देतात ती मुख्यतः दोन कारणांनी. काही प्रोग्रॅम दोन्ही स्टेप मागतात म्हणून, आणि भीतीपोटी. पहिलं कारण असेल तर द्यावी. दुसऱ्यासाठी देऊ नये. कारण पास झालं तर पदरात फार पडत नाही, आणि नापास झालं तर ते कायम राहतं. यूएसएमएलईची ट्रान्सक्रिप्ट पाठवली की त्यात सगळे प्रयत्न दिसतात. स्टेप २ दाखवतो आणि स्टेप १ झाकतो असं करता येत नाही.

आणि एक बारीक गोष्ट, जी मुलांना कुणी सांगत नाही. नुसती स्टेप २ दिली तर ती मॅचपुरती झाली. यूएसएमएलईची स्टेप ३ द्यायला आधीच्या दोन्ही स्टेप पास असाव्या लागतात. त्यामुळे स्टेप १ न दिलेल्याने लायसन्ससाठी लेव्हल ३ च द्यायची, आणि त्यात काही कमीपणा नाही. फक्त अर्धी ही, अर्धी ती अशी खिचडी करून लायसन्स मिळेल या भरवशावर राहू नये. एक मालिका पूर्ण हवी.

चाफेकळी | २० जानेवारी

आज सुट्टी, आता सविस्तर.

मी स्टेप १ दिली नाही. लेव्हल १ गेल्या जूनमध्ये दिली, पास झाले. येत्या उन्हाळ्यात लेव्हल २ आणि स्टेप २ दोन्ही देणार आहे, मध्ये आठ-दहा दिवस ठेवून. आमच्या बॅचमध्ये हाच मार्ग सगळ्यात जास्त जणांनी धरलाय.

काकू, तुमच्या मुलीला अभ्यासाचं सांगते. माझ्या लेव्हल १ ला ३५२ प्रश्न होते, आठ गटांत, एका दिवसात. संध्याकाळी बाहेर आले तेव्हा गाडी कुठे लावली ते आठवेना. स्टेप १ ला प्रश्न २८०, पण एकेक प्रश्न लांब. कॉमलेक्सचे प्रश्न आखूड असतात आणि कधीकधी त्यात माहिती इतकी कमी देतात की दोन उत्तरं सारखीच बरोबर वाटतात. यूएसएमएलईच्या यूवर्ल्ड या प्रश्नसंचावर सराव केलेल्या मुलांना याचाच धक्का बसतो. म्हणून शेवटचे तीन आठवडे कॉमलेक्सच्याच प्रश्नसंचावर घालवावेत. मी ट्रूलर्न वापरलं, आणि एनबीओएमईच्या कॉमसे या सराव परीक्षा.

मग ओएमएम, म्हणजे हातांनी तपासणं आणि उपचार करणं. एमडीच्या मुलांना हे नसतं. आपल्याला पहिल्या दोन वर्षांत दर आठवड्याला याची लॅब असते. परीक्षेत हे गुण पदरात पाडून घेण्यासारखे असतात, कारण पाठांतर नीट असेल तर उत्तर ठरलेलं. फ्रायएटचे नियम तोंडपाठ हवेत. पाठ सरळ, न्यूट्रल असताना मणक्यांचा गट एका बाजूला झुकतो आणि उलट बाजूला फिरतो. एकच मणका वाकलेल्या किंवा ताणलेल्या स्थितीत अडकला असेल तर झुकणं आणि फिरणं एकाच बाजूला. मग कुठल्या अवयवाची सिंपथेटिक नस कुठल्या मणक्याजवळून निघते ते. हृदय टी१ ते टी५ (टी म्हणजे छातीमागचे मणके), जठर टी५ ते टी९. चॅपमनच्या बिंदूंमध्ये (एकेका अवयवाशी जोडलेले, दाबलं की दुखणारे बिंदू) अपेंडिक्सचा उजव्या बाराव्या बरगडीच्या टोकाशी, हा हमखास विचारतात. मी हे सगळं बाबांच्या पाठीवर पेनाने लिहून पाठ केलं. बिचारे पालथे पडून बातम्या बघायचे.

अजून एक. बऱ्याच कॉलेजांत कॉमसेला ठरावीक गुण पडल्याशिवाय लेव्हल १ ला बसू देत नाहीत. माझ्या एका मैत्रिणीला तिच्या कॉलेजने ऐन मे महिन्यात थांबवलं, परीक्षा सहा आठवडे पुढे गेली, पहिली रोटेशन बुडली. ती खूप रडली. पुढे पास झाली, पण हा नियम पहिल्या वर्षीच समजावून सांगितला असता तर तिने जानेवारीतच जोर लावला असता. तुमच्या मुलीला म्हणावं, आपल्या कॉलेजचा आकडा आत्ताच विचारून ठेव.

मनवा | २१ जानेवारी

मी नाशिकहून. मुलगा बारावीला आहे. ऑस्टिओपॅथीचे कोर्स भारतातून करता येतात असं एका एजंटने सांगितलं, नंतर इंग्लंड किंवा अमेरिकेत डीओ म्हणून काम करता येईल म्हणे. हे खरं आहे का?

ओहायोकर | २१ जानेवारी

मनवाताई, कृपया एक रुपयाही देऊ नका.

इथे शब्द एकच आणि गोष्टी दोन आहेत. इंग्लंडमध्ये आणि जगात बऱ्याच ठिकाणी ऑस्टिओपॅथ म्हणजे हातांनी उपचार करणारा प्रशिक्षित माणूस. तो औषध लिहून देत नाही, ऑपरेशन करत नाही. अमेरिकेतला डीओ हा पूर्ण डॉक्टर. त्यासाठी आधी साधारण चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही प्रवेशपरीक्षा, मग अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त कॉलेजात चार वर्षं, मग रेसिडेन्सी. बाहेरचा कुठलाही ऑस्टिओपॅथीचा डिप्लोमा घेऊन कॉमलेक्सला बसता येत नाही.

मुलाला डॉक्टर होऊन पुढे अमेरिकेत यायचं असेल तर नीटची परीक्षा देऊन भारतात एमबीबीएस, मग ईसीएफएमजी आणि यूएसएमएलई. लांबचा रस्ता आहे, पण खरा आहे.

मनवा | २१ जानेवारी

तुमचे उपकार कसे फेडू. उद्या पहिला हप्ता द्यायचा होता.

सह्यकडा | २३ जानेवारी

हा धागा वाचून राहवलं नाही. मी कॅलिफोर्नियात १९७१ पासून आहे, आता निवृत्त. हाडवैद्याचा प्रश्न ज्या मुलीला बोचला तिच्यासाठी हे लिहितो, तिला वाचून दाखवा.

अँड्र्यू टेलर स्टिल हा मिसूरीतला डॉक्टर. १८६४ साली मेनिंजायटिसच्या साथीत त्याची तीन मुलं गेली. तेव्हाची औषधं म्हणजे पारा, अफू आणि जुलाब. स्वतः डॉक्टर असून आपण काही करू शकलो नाही, हे त्याला सोसलं नाही. दहा वर्षांनी, १८७४ मध्ये, त्याने आपला वेगळा विचार जाहीर केला: शरीर एकसंध आहे, त्याची रचना आणि त्याचं काम एकमेकांवर अवलंबून आहे, आणि बरं होण्याची ताकद त्याच्यात आहे. १८९२ साली किर्क्सव्हिल या लहानशा गावात त्याने पहिलं कॉलेज काढलं. पहिल्याच वर्गात मुली होत्या. त्या काळात किती मेडिकल कॉलेजं बायकांना दारात उभं करत होती?

डीओंना लायसन्स देणारं पहिलं राज्य व्हरमाँट, १८९६. शेवटचं मिसिसिपी, १९७३. मधली ७७ वर्षं एकेका राज्यात भांडण्यात गेली. या लोकांनी विज्ञान नाकारलं नाही. जीवशास्त्र, औषधशास्त्र, शल्यचिकित्सा सगळं अभ्यासक्रमात घेतलं, आणि १९३४ साली स्वतःचं परीक्षा मंडळ काढलं, तेच आजचं एनबीओएमई. आमच्याही परीक्षा घ्या, आम्ही तितक्याच कडक घेऊ, असं म्हणून. कॉमलेक्सकडे मी असं बघतो. काही लोकांना ती डीओंवर लादलेली जादा परीक्षा वाटते, पण ती त्या भांडणात कमावलेली आहे.

आमच्या कॅलिफोर्नियात तर १९६२ साली अजब घडलं. राज्यातल्या डीओंना सांगितलं, ६५ डॉलर भरा आणि एमडी व्हा. सुमारे दोन हजार जणांनी कागद बदलून घेतला. रातोरात तेच हात, तेच डोकं, तोच दवाखाना, फक्त पाटी बदलली. आणि राज्याने नव्या डीओंना लायसन्स देणं बंद केलं. बारा वर्षांनी, १९७४ मध्ये, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा सुरू करायला लावलं. मी इथे आलो तेव्हा ही बंदी चालू होती. पण जे डॉक्टर ६५ डॉलरमध्ये एमडी होऊ शकतात ते आधी कमी कसे होते, हा प्रश्न त्यातून सगळ्या देशाला पडला आणि डीओंचं बळ वाढलं.

१९६६ साली अमेरिकी सैन्याने डीओंना डॉक्टर म्हणून घ्यायला सुरुवात केली. अध्यक्ष ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतले डॉक्टर शॉन कॉनली डीओ, त्यांच्यानंतर अध्यक्ष बायडन यांचे डॉक्टर केव्हिन ओ'कॉनरही डीओ. तुमच्या नणंदेला हे सांगा. आणि हाडवैद्यांबद्दलही चांगलं बोला. गावोगावी त्यांनी हात सांधले आहेत. पण तुमची मुलगी करतेय ते वेगळं.

रानजाई | २३ जानेवारी

काका, तुमचा प्रतिसाद तिला मोठ्याने वाचून दाखवला. तिने काही न बोलता मला मिठी मारली. मग म्हणाली, "पालथी पड." माझ्या पाठीवर हात ठेवून पाच मिनिटं शोधत होती. "टी४, उजवीकडे फिरलाय. संगणकापुढे वाकून बसतेस." दुखत होतं ते तिथेच.

तिन्हीसांज | १८ मार्च २०२४

धागा वर आणते. शुक्रवारी मॅचचा निकाल लागला. यंदा डीओंच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपैकी ९२.३ टक्के मॅच झाले, एमडींचे ९३.५. घाबरलेल्या आई-बाबांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत. ही बेरीज सगळ्या शाखांची आहे हे मात्र विसरू नये. सर्जरीच्या काही शाखांत अंतर बरंच मोठं आहे.

मी रेसिडेन्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, डीओ. लेव्हल ३ बद्दल इथे कमी लिहिलं गेलंय आणि मी तिथेच चुकले, म्हणून लिहिते. सगळे म्हणतात लेव्हल ३ सोपी, दोन आठवडे वाचलं की झालं. इंटर्नशिपमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षात, मी ती ढकलत राहिले. मग माझ्या करारात बारीक अक्षरांत होतं ते दिसलं, की तिसऱ्या वर्षाला जाण्याआधी लेव्हल ३ पास हवी. तोवर दुसरं वर्ष अर्धं संपलेलं. रात्रपाळ्यांच्या महिन्यात तारीख घेतली. दोन दिवसांची परीक्षा असते, प्रश्न आणि शिवाय प्रकरणं, ज्यात उत्तर स्वतः लिहायचं असतं. नापास झाले, पाच गुणांनी. हॉस्पिटलमध्ये रोज रुग्ण बघत होते, आणि कागदावर नापास. तेव्हाचे ते दोन महिने मला आठवावेसे वाटत नाहीत.

दुसऱ्यांदा नीट सुट्टी घेऊन दिली, पास झाले. पण त्याची खूण राहिलीच. एकाहून जास्त राज्यांत लायसन्स लवकर मिळावं म्हणून राज्याराज्यांतला करार आहे, इंटरस्टेट कॉम्पॅक्ट. त्यात प्रत्येक टप्पा तीन प्रयत्नांच्या आत पास असावा लागतो. मी बसते त्यात, पण काठावर गेले असते तर दार बंद. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया त्या करारात नाहीत हेही लक्षात ठेवा.

म्हणून सांगते. पदवी मिळाली की लेव्हल ३ ची तारीख इंटर्नशिपच्या पहिल्या सहा महिन्यांत घ्या. प्रोग्रॅम डायरेक्टरची संमती ऑनलाइन लागते, ती जुलैतच मागून ठेवा. आणि बाळंतपण, बालरोग हे विषय परत वाचा. ॲनेस्थेशिया किंवा सायकियाट्रीत गेलेली मुलं तेच विसरलेली असतात.

शिशिर_डीओ | १८ मार्च

तिन्हीसांज, हे मोकळेपणाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हा प्रतिसाद वाचायला देणार आहे.

रानजाई | ३० जुलै २०२४

लेव्हल १ पास! काल निकाल आला. स्टेप १ दिली नाही. निर्णय तिचाच. शिशिर डॉक्टरांचा १६ जानेवारीचा प्रतिसाद तिने फ्रीजवर लावला होता.

चाफेकळी, कॉलेजचा कॉमसेचा आकडा तिने फेब्रुवारीतच विचारला. पहिल्या वेळी कमी पडले होते, पण हातात वेळ होता.

चाफेकळी | ३१ जुलै २०२४

अभिनंदन! माझ्याही लेव्हल २ आणि स्टेप २ झाल्या, नऊ दिवसांच्या अंतराने. आधी स्टेप २ दिली, मग मधले दिवस फक्त ओएमएम आणि कॉमलेक्सची एथिक्स वाचली. हा क्रम मला मानवला, कारण मोठा अभ्यास एकच, शेवटी वरचा थर फक्त बदलायचा.

रानजाई | २८ सप्टेंबर २०२५

चौदा महिन्यांनी लिहितेय. ॲनेस्थेशियाच ठरलं. लहान मुलांच्या रोटेशनमध्ये एका बाळाला भूल देताना तिने पाहिलं आणि त्या दिवसापासून दुसरं काही बोलली नाही.

जूनमध्ये तिने चाफेकळीच्याच क्रमाने दोन्ही परीक्षा दिल्या. स्टेप २ ला २४९, लेव्हल २ ला ५९०. जुलैपासून स्टेप २ ची पास रेषा २१८ वर नेली आहे, पुढच्या मुलांनी नोंद घ्यावी. अर्ज गेले आहेत. बुधवारपासून प्रोग्रॅमना ते दिसू लागले. घरात कुणी मोठ्याने फोनवर बोलत नाही, तिचा फोन वाजेल म्हणून.

आज सकाळी पहिलं मुलाखतीचं पत्र आलं, ओहायोतून. ओहायोकर, तुमच्या गावाजवळ आहे का माहीत नाही, पण पत्र वाचल्यावर पहिली तुमची आठवण झाली. अर्जाच्या सूचनांत त्यांनी लिहिलंय, कॉमलेक्स किंवा यूएसएमएलई, दोन्हींपैकी काहीही चालेल.

नणंद दिवाळीला इकडे येतेय. गुडघे दुखतात तिचे. भाचीला दाखवायचेत म्हणाली, "आमच्या डॉक्टरला."

ओहायोकर | २८ सप्टेंबर २०२५

रानजाईताई, मुलाखत झाली की कळवा. मुलाखतीत कुणी "कॉमलेक्सचा हा आकडा म्हणजे किती?" असं विचारलं तर तिने पर्सेंटाइल तयार ठेवावं. एनबीओएमईच्या संकेतस्थळावर आकडा टाकला की मिळतं.